ओझं, उतार आणि पाऊस: 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये अवघड माल कसा पोहोचवायचा

'डेथ स्ट्रँडिंग' नव्याने खेळणाऱ्याचा पहिला मोठा अपघात बहुतेक वेळा कुठल्याही शत्रूशी गाठ न पडता होतो. पाठीवर डोक्याच्याही वर गेलेली पेट्यांची चळत, समोर गुडघाभर वाटणारा ओढा, मधोमध पाय सरकतो आणि अर्धा माल धारेला लागतो. तो गोळा करून मुक्कामी पोहोचेपर्यंत निम्म्या पेट्या चेपलेल्या असतात. यात नशिबाचा भाग थोडा आहे. हा अपघात निघण्यापूर्वीच, माल उचलण्याच्या स्क्रीनवर, ठरलेला असतो.

कोजिमा प्रॉडक्शन्सचा हा गेम ८ नोव्हेंबर २०१९ रोजी पीएस४वर आला, जुलै २०२०मध्ये पीसीवर आणि सप्टेंबर २०२१मध्ये पीएस५वर 'डायरेक्टर्स कट' या वाढीव रूपात. सॅम पोर्टर ब्रिजेस हा हमाल उद्ध्वस्त अमेरिकेत पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत जातो, एकेका शहराला नि भूमिगत निवाऱ्यात एकटं राहणाऱ्या माणसाला माल पोहोचवतो आणि त्यांना कायरल नेटवर्कशी, म्हणजे सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या दळणवळणाच्या जाळ्याशी, जोडत जातो. इथे चालणं हाच खेळ आहे. खाली दिलेली बटणं प्लेस्टेशनची आहेत. पीसीवर त्यांच्या जागच्या कळा स्क्रीनवर दिसतात. कथेतली वळणं इथे उघड केलेली नाहीत.

सगळ्या नियोजनाचं मूळ एकाच प्रश्नात आहे: या मालाचा वैरी कोण? प्रत्येक अवघड ऑर्डरला एक मुख्य वैरी असतो. कधी वजन, कधी धक्का, कधी वेळ, कधी पाऊस, कधी वाटेत लुटणारी माणसं. तो वैरी जिथे सगळ्यात कमी भेटेल ती वाट तुमची. ती क्वचितच सरळ रेषेत असते.

पायरी १: सही करण्यापूर्वी ऑर्डर पूर्ण वाचा

टर्मिनलवर ऑर्डर उघडली की एकूण वजन, पेट्यांची संख्या व आकार, कुठे न्यायचं, किती वेळात न्यायचं आणि मालाला किती नुकसान चालेल, हे सगळं लिहिलेलं असतं. नवे खेळाडू फक्त ठिकाण वाचतात. नाजूक माल असेल, सपाट ठेवायचा असेल, पाण्यापासून जपायचा असेल, तर ती अट तपशिलातच सापडते.

सुरुवातीला सॅमची वहनक्षमता १२० किलोच्या आसपास असते आणि तुमची पोर्टर म्हणून श्रेणी वाढेल तशी ती वाढते. हा आकडा ध्येय समजू नका. पहिल्या काही तासांत ऐंशी-नव्वद किलोंवर थांबा. उरलेली जागा शिडी, दोर, जादा बूट यांची आहे आणि त्यांचंही वजन त्याच बेरजेत धरलं जातं. क्षमतेच्या काठावर गेलं की सॅम जरा जरा वेळाने डुलू लागतो, दम भराभर संपतो आणि पळताना वळणं आवरत नाहीत.

ऑर्डरींचे दोन मुख्य प्रकार आहेत: सॅमच्या नावाने आलेल्या, ज्यांनी कथा पुढे सरकते, आणि साध्या, ज्यांनी त्या ठिकाणाशी तुमचं नातं वाढतं. एका फेरीत एकाच दिशेच्या दोन-तीन साध्या ऑर्डरी घेणं शहाणपणाचं. मात्र वेगवेगळे वैरी असलेल्या ऑर्डरी एकत्र बांधू नका. वेळेची ऑर्डर नि जडशीळ धातूची ऑर्डर एकाच पाठीवर घेतली की दोन्ही बिघडतात. एकीला पळायचं असतं, दुसरी पळू देत नाही.

काही काळाने 'प्रीमियम डिलिव्हरी'चा पर्याय दिसू लागतो. त्यात तीच ऑर्डर जास्त माल, कमी वेळ किंवा कमी नुकसान अशा कडक अटींवर मिळते. एखाद्या ठिकाणी साधी फेरी करून वाट तोंडपाठ झाल्याशिवाय प्रीमियमला हात लावू नका.

पायरी २: माल लादणं

माल उचलल्यावर ट्रँगल दाबून आपोआप मांडणी करून घ्या. गेम जड पेट्या खाली ठेवतो आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं करतो. नव्वद टक्के वेळा ही मांडणी हाताने केलेल्या मांडणीपेक्षा चांगली असते. वाटेत काहीही उचललं किंवा टाकलं की ती पुन्हा करायची. हे विसरल्यामुळे एका खांद्याकडे झुकलेला सॅम दर दहा पावलांना त्याच बाजूला कलंडतो आणि खेळणाऱ्याला वाटतं जमीन वाईट आहे.

दोन ठिकाणी मात्र आपोआप मांडणीत हात घालावा लागतो. उंच ढीग: गुरुत्वमध्य वर गेला की तोल जातो, शिवाय गवतात लपून बसलात तरी ढीग वर दिसत राहतो. अशा वेळी लहान पेट्या खांद्यांवर नि कमरेला अडकवून पाठीची चळत बुटकी करा. दुसरं, सपाट ठेवायचा माल. पाठीवरची पेटी आडवी बसते, अंगाच्या बाजूला अडकवलेली उभी राहते. पिझ्झाची ऑर्डर याच कारणाने बिघडते; तिच्याकडे पुढे येऊ.

हातात पेटी धरूनही चालता येतं, पण मग तोल सांभाळायला हात मोकळा राहत नाही. सपाट रस्त्यावर ठीक, उतारावर कधीही नको.

सोबत काय घ्यायचं? चालत जाण्याच्या अनोळखी वाटेसाठी दोन शिड्या, दोन क्लाइंबिंग अँकर (दोर बांधायच्या खुंट्या), एक जादा बुटांचा जोड आणि पाऊस पट्ट्यात असेल तर एक कंटेनर रिपेअर स्प्रे. पीसीसी, म्हणजे पूल, पोस्टबॉक्स, जनरेटर उभारणारं यंत्र, तिथलं नेटवर्क जोडलेलं असेल तरच घ्या. नेटवर्कबाहेर ते उघडतच नाही आणि वजन मात्र पाठीवर राहतं. शिड्या नि दोर कुठेही चालतात, म्हणून नव्या प्रदेशात पहिल्या फेरीला त्यांचाच भरवसा. बूट झिजून फाटले की पाय रक्ताळतात आणि दम घटत जातो, त्यामुळे जादा जोड 'पुढच्या वेळी घेऊ' म्हणून सोडू नका. अगदीच अडलं तर सँडलवीड नावाच्या वनस्पतीपासून तात्पुरत्या चपला होतात.

पायरी ३: नकाशावर वाट आखणं

नकाशा सपाट पाहू नका, तिरपा करून पाहा. वरून दोन बोटांचं दिसणारं अंतर तिरपं केल्यावर कडा निघतो. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे फारसं नवं शिकावं लागत नाही, कारण डोंगर वाचण्याचे शब्द तेच आहेत: सोंड, नाळ, खिंड, पठार, घसारा.

चढायचं तर सोंडेवरून. सोंड लांब पडते, पण चढ सलग नि उघडा असतो, पुढचं दिसतं, आणि पाय सरकला तरी माल पाण्यात जात नाही. नाळ जवळची वाटते. तिच्यात दगडधोंडे, मध्येच पाणी आणि वर पोहोचताना उभी भिंत असते. घसाऱ्यावर सॅम चढताना अडखळतो आणि उतरताना आपोआप वेग घेतो.

मार्कर टाकताना सुरुवात मुक्कामाकडून करा. शेवटचा दोनशे-तीनशे मीटरचा टप्पा कुठून सोपा आहे ते आधी ठरवा, मग मागे या. बहुतेक निवारे डोंगराच्या कुशीत असतात आणि त्यांचं तोंड एकाच बाजूला असतं. पाठीमागून पोहोचलात तर समोर कडा येतो आणि दमलेल्या अवस्थेत वळसा पडतो. मार्कर एकापुढे एक ठेवले की त्यांची रेष जुळते आणि प्रत्यक्ष वाटेवर ते उजेडाच्या खांबांसारखे दुरून दिसतात. प्रत्येक निर्णयाच्या जागी एक मार्कर पुरे: नदी ओलांडायची जागा, खिंडीचं तोंड, सोंडेचा पाया. दर पन्नास मीटरला टाकलेले मार्कर डोळ्यांना नुसता त्रास देतात.

रेष पूर्ण झाली की तिच्यावर तीन गोष्टी तपासा. ती म्यूलच्या, म्हणजे माल लुटणाऱ्यांच्या, हद्दीतून जाते का, हे नकाशावर रंगाने दाखवलेलं असतं. ती बीटींच्या, म्हणजे मृतात्म्यांच्या, पट्ट्यातून जाते का; एकदा तिथून गेला असाल तर नकाशा ते लक्षात ठेवतो. आणि पाऊस. हवामान केंद्र नेटवर्कला जोडल्यानंतर नकाशावर पावसाचा अंदाज दिसतो. तोवर डोंगरमाथ्यावरचे ढग आणि आकाशातलं उलटं इंद्रधनुष्य यांवर लक्ष ठेवा. उलटं इंद्रधनुष्य म्हणजे पुढे बीटी आहेत.

जोडलेल्या प्रदेशात इतर खेळाडूंच्या शिड्या, पूल, दोर तुमच्या जगात दिसू लागतात. त्यांचा फायदा घ्याच, पण तुमची संपूर्ण वाट एकाच परक्या पुलावर टांगू नका. टाइमफॉल, म्हणजे हा वस्तूंचं वय भराभर वाढवणारा पाऊस, बांधकामंही झिजवतो. वाटेत भेटलेला उपयोगी पूल झिजलेला दिसला तर थोडं साहित्य घालून दुरुस्त करा. परतीला तोच लागणार असतो.

पायरी ४: पाय, तोल आणि पाणी

आर१ टिचकीने दाबला की ओड्राडेक, म्हणजे सॅमच्या खांद्यावरचं स्कॅनर यंत्र, समोरची जमीन स्कॅन करतो. निळं म्हणजे निर्धास्त, पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे पडाल. पाण्यातही हेच: निळ्यातून चालत जा, पिवळ्यात दम जळतो, लाल पाण्यात पाय सुटतो आणि सॅम वाहून जातो. नवे खेळाडू नदीच्या काठावर एकदा स्कॅन करतात आणि निघतात. स्कॅनचा पल्ला मर्यादित असतो, पैलतीराजवळचं लाल त्यात आलेलं नसतं. पाण्यात पाऊल टाकल्यावर मधोमध थांबून पुन्हा स्कॅन करा.

नदी ओलांडायची जागा शोधताना ती रुंद असेल तिथे जा. अरुंद जागी पाणी खोल नि वेगवान असतं, तर पात्र पसरलं की उथळ होतं. अरुंद ठिकाणीच जायचं असेल तर दोन खडकांवर शिडी आडवी टाकून पूल करा. वाहून गेलातच तर आधी काठ गाठा, मग मालामागे जा. पेट्या प्रवाहाच्या वळणावर अडकलेल्या सापडतात. स्कॅन केलं की त्यांची खूण दिसते.

एल२ आणि आर२ दोन्ही धरून ठेवले की सॅम पट्टे घट्ट धरून सावकाश चालतो. उतारावर, ओल्या खडकावर, वाऱ्यात हे धरून ठेवायचं, सोडायचं नाही. सपाटीवर सोडून द्या, कारण वेग जातो. तोल जाऊ लागला की स्क्रीनवर जे बटण दिसेल तेच दाबा. घाईत दोन्ही दाबण्याची सवय लावून घेऊ नका.

उतार ही खरी परीक्षा. पळत उतरायला लागलात की वेग वाढतच जातो आणि थांबण्यासाठी दाबलेलं बटणही उशिरा लागू पडतं. नागमोडी उतरा. उभा टप्पा आला तर माथ्यावर अँकर ठोकून दोरावरून उतरा. पाठीवर कितीही ढीग असला तरी दोरावर तोल जात नाही, आणि हा दोर नंतर चढायलाही तिथेच राहतो. शिडीचा मोह इथे टाळा. ती खाली सोडायला पुरेशी लांब नसेल तर मधल्यामध्ये अडकाल.

दम अर्ध्यावर आला की थांबा. सर्कल धरून बसलं की दम भरतो. कँटीनमधलं पाणी उताराच्या मध्यावर कामी येतं, म्हणून ते चढावर संपवू नका. नदीत उभं राहिलं की कँटीन आपोआप भरते.

पायरी ५: पाऊस आणि बीटी

पाऊस आधी पेटीचं कवच खातो, मग आतला माल. हा क्रम लक्षात ठेवला की घाबरायला होत नाही. कवच शिल्लक असेपर्यंत आतला माल तसाच असतो, म्हणून स्प्रे कवच संपायच्या आधी मारा. स्प्रे फक्त पेटी दुरुस्त करतो. आत बिघडलेला माल त्याने परत चांगला होत नाही. लांबच्या पावसाळी वाटेवर टाइमफॉल शेल्टर उभारता येत असेल तर मध्यावर एक हवाच. त्यात उभं राहिलं की पेट्यांचं कवच भरून निघतं. त्यासाठी पीसीसीचा वरचा प्रकार लागतो, सुरुवातीला तो मिळत नाही.

बीटी, म्हणजे या जगात अडकून पडलेले मृतात्मे, पावसाबरोबर येतात. पट्ट्यात शिरताच ओड्राडेक उभा राहतो आणि सगळ्यात जवळच्या बीटीकडे तोंड करून फडफडतो. जितका जवळ तितकी फडफड जोराची. स्तब्ध उभं राहिलं की ते डोळ्यांना दिसतात, चालू लागलं की दिसेनासे होतात. म्हणून चाल अशी ठेवा: थांबा, पाहा, सात-आठ पावलं वाकून चाला, पुन्हा थांबा. ओड्राडेक ज्या दिशेला तोंड करतो त्या दिशेपासून काटकोनात सरका, पाठ फिरवून उलट नको. उलट पळणारा दुसऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडतो. अगदी जवळ आला तर आर१ धरून श्वास रोखा. श्वास फार ताणलात तर शेवटी मोठ्याने सुटतो आणि सगळ्यांना कळतं. थोडा रोखा, सोडा, पुन्हा रोखा.

कथेच्या सुरुवातीला विंड फार्मकडे जाणारा झाडीचा पट्टा हा याचा पहिला खरा धडा आहे. तिथे कमी माल घेऊन जा. बहुतेकांची चूक अशी, की झाडीत मार्ग दिसत नाही म्हणून ते सतत चालत राहतात आणि बीटी दिसण्यासाठी थांबतच नाहीत.

पकडले गेलात तर जमीन काळी, चिकट होते आणि हात पाय ओढू लागतात. झटकत झटकत त्या काळ्या टारच्या काठाकडे सरका. ओढले गेलात तर मोठा प्राणी समोर येतो. सुरुवातीच्या भागात त्याच्याशी लढू नका, टारची हद्द ओलांडली की तो सोडून देतो. टारमधून वर आलेल्या इमारतींच्या माथ्यांवर नि गाड्यांवर चढत बाहेर पडा. माल विखुरला तर विखुरला. जीव वाचल्यावर पेट्या शोधता येतात. गिळले गेलात तर स्फोट होतो आणि त्या जागी खड्डा पडतो. पुढे रक्ताचे हिमॅटिक ग्रेनेड मिळाले की जाताना तीन-चार ठेवा, पण त्यांना तुमचं रक्त लागतं, म्हणून ब्लड बॅगही सोबत हवी. बीबी, म्हणजे सॅमच्या छातीवरच्या कुपीतला बाळजीव, रडू लागला तर पट्टा ओलांडल्यावर आधी त्याला शांत करा. तो ताणाने बधिर झाला की बीटी दिसणंच बंद होतं.

पायरी ६: म्यूल

म्यूल म्हणजे माल लुटण्याची चटक लागलेले हमाल. त्यांच्या हद्दीच्या काठावर सेन्सरचे खांब असतात. त्यांनी स्कॅन सोडला आणि त्याच क्षणी तुम्ही आर१ दाबलात, तर तुमचा स्कॅन त्यांचा निकामी करतो. हे जमायला दोन-चार वेळा चुकावं लागतं. न जमल्यास उंच गवत आणि बुटकी चळत.

गाठ पडलीच तर माल आधी जमिनीवर ठेवा. पाठीवर ओझं घेऊन हाणामारी केली की तुम्हीच पडता आणि ते पेट्या घेऊन पळतात. दोराने मारा परतवून बांधून टाकता येतं. बोला गन (दोर फेकून बांधणारी बंदूक) मिळाल्यावर लांबूनच काम होतं. जीव घेणारी शस्त्रं वापरू नका आणि ट्रकने उडवू नका. या जगात प्रेत तसंच राहिलं तर काही काळाने स्फोट होतो, आणि ते दहनगृहापर्यंत वाहून नेणं ही नवी डिलिव्हरी तुमच्याच गळ्यात पडते. लुटलेला माल त्यांच्या तळावरच्या पोस्टबॉक्समध्ये मिळतो, सोबत धातू, सिरॅमिक असं साहित्यही. रस्ता बांधायचा असेल तर मोकळ्या हाताने एक फेरी खास या तळासाठी करावी.

पायरी ७: वजन हा वैरी असेल तेव्हा रस्ता

कथेच्या तिसऱ्या भागात लेक नॉट सिटीच्या दक्षिणेकडचं वितरण केंद्र जोडल्यावर 'ऑटो-पेव्हर' भेटतात. प्रत्येकात ठरावीक कायरल क्रिस्टल, सिरॅमिक आणि धातू घातला की रस्त्याचा एक तुकडा उभा राहतो. नवे खेळाडू हे काम फावल्या वेळचं समजून टाळतात, आणि पुढचे वीस तास खडकांमधून ट्रक काढत बसतात. मध्य प्रदेशात (म्हणजे गेमच्या मधल्या भूभागात) शिरल्यावर काही तास केवळ रस्त्याला द्या. रस्त्यावर गाडीची बॅटरी खर्च होत नाही, पेट्यांना धक्के बसत नाहीत, आणि अर्धा टन माल एका खेपेत जातो.

साहित्याचा हिशेब असा लावा: ज्या केंद्रांशी नातं वाढलं आहे तिथल्या टर्मिनलवर साहित्य मागता येतं, म्यूल तळांवर मिळतं, क्रिस्टल बीटींच्या पट्ट्यात जमिनीवर उगवलेले असतात. ऑनलाइन खेळत असाल तर इतरांनी घातलेलं साहित्यही पेव्हरमध्ये दिसतं. आधी जे तुकडे जवळजवळ भरलेले आहेत ते पूर्ण करा, मग नदी नि म्यूल हद्द ओलांडणारे. सपाट माळावरचा तुकडा सगळ्यात शेवटी, तिथे गाडी तशीही जाते.

रिव्हर्स ट्राइक चपळ आहे, ट्रकमध्ये माल जास्त मावतो. खडकाळ भागात दोन्ही अडकतात. गाडीने जायचं ठरवलं तर तिला कुठे सोडून चालायला लागायचं ती जागाही नकाशावर मार्करने ठरवा. अनेकजण गाडी पुढे रेटत राहतात आणि अशा घळीत रुतवतात जिथून ती माघारीही निघत नाही. बीटींच्या पट्ट्यात गाडी घालणं जोखमीचं, कारण टारमध्ये ती गिळली जाते.

गाडी जाणार नसेल तर फ्लोटिंग कॅरियर, म्हणजे मागून ओढायचा तरंगता गाडा. सपाटीवर आणि हलक्या चढावर उत्तम, उभ्या उतारावर तो मागून तुमच्यावर येतो. पॉवर स्केलेटनने, म्हणजे पायांना बांधायच्या यांत्रिक सांगाड्याने, वहनक्षमता वाढते, पण तो बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली त्या क्षणी तेच ओझं तुमच्या स्वतःच्या क्षमतेवर येतं आणि सॅम जागेवरच डुलू लागतो. म्हणून स्केलेटनच्या भरवशावर माल वाढवलात तर वाटेत जनरेटर कुठे आहे ते आधी पाहा. नसेल तर बांधा.

पायरी ८: बर्फ आणि झिपलाइन

माउंटन नॉट सिटीच्या आसपासचा बर्फाळ भाग वेगळाच. थंडीत बॅटरी लवकर संपते, खोल बर्फात दम जळतो, आणि वादळात चार पावलांपलीकडचं दिसत नाही. इथे ऑल-टेरेन स्केलेटन घ्या, वेगाचा नको. वादळ आलं की थांबून नकाशा उघडा आणि मार्करच्या रेषेशी आपली दिशा ताडून पाहा. अंदाजाने चालणारा कड्यावरून जातो.

इथे खरं उत्तर झिपलाइन. दोन खांबांमध्ये ३०० मीटरपर्यंत तार जोडली जाते, खांब दुसऱ्या पातळीवर नेल्यास ३५० मीटर. मध्ये कडा किंवा झाड आलं तर जोडत नाही. पहिल्यांदा त्या भागात जाता तेव्हा मालाच्या ओझ्याखाली खांब उभारत बसू नका. माल पोहोचवा, आणि परतताना पाठ मोकळी असते तेव्हा शिखरांवरून खांब ठेवत या. यंत्र हातात धरलं की आधीच्या खांबाकडची तार रंगाने दाखवते, जोडेल की नाही ते तिथेच कळतं. खांब दरीत नको, माथ्यावर. माथ्यावरचा एक खांब तीन-चार दिशांना उपयोगी पडतो. प्रत्येक बांधकाम नेटवर्कची ठरावीक क्षमता खातं आणि झिपलाइन बरीच खाते, म्हणून जुनी, न वापरलेली बांधकामं मोडून टाका.

नेहमी बिघडणारे काही माल

पिझ्झा. पीटर एंगलर्टच्या निवाऱ्याकडे तो न्यायचा असतो आणि सपाट राहिला पाहिजे. पाठीवर आडवा ठेवा, अंगाच्या बाजूला अडकवू नका, आपोआप मांडणीनंतर तो कुठे गेला ते डोळ्यांनी तपासा. पाठीवर दुसरा जड माल नको, कारण एकदा पडलात की संपलं.

नाजूक माल. वाहन टाळा, अगदी पक्का रस्ता असेल तरच चढवा. खडकावरून ट्रक आपटला की प्रत्येक हादरा पेटीत पोहोचतो. पायी, दोन्ही पट्टे धरून, सोंडेवरून. वेळ जास्त लागला तरी चालेल अशीच ही ऑर्डर बहुधा असते.

वेळेचा माल. याची खरी तयारी एक फेरी आधी होते. त्या वाटेवरून साधी ऑर्डर नेताना नदीवर शिडी, कड्यावर दोर, मध्यावर जनरेटर ठेवून या. मग वेळेची ऑर्डर घ्याल तेव्हा स्पीड स्केलेटन लावून विचार न करता पळता येतं. अनोळखी वाटेवर घड्याळाची ऑर्डर घेऊ नका.

माणूस पाठीवर. पहिल्या काही तासांतच एक देह दहनगृहापर्यंत न्यावा लागतो. अशा वेळी पाठीची बहुतेक जागा भरलेली असते, म्हणून बाकीचं सगळं लॉकरमध्ये ठेवून निघा. चढ सावकाश, आणि परतीच्या वाटेवर पाऊस धरेल असं समजूनच.

बिघडल्यावर

पडलात, माल विखुरला, पेट्या लाल झाल्या. लगेच जुना सेव्ह उघडू नका. आधी विखुरलेलं गोळा करून पुन्हा मांडणी करा, स्प्रे मारा आणि ऑर्डरमध्ये किती नुकसान चालतं ते पाहा. बऱ्याच ऑर्डरींना बरंच नुकसान चालतं, फक्त दर्जा खाली येतो. निघण्यापूर्वी आणि बीटींच्या पट्ट्याच्या काठावर हाताने सेव्ह केलेलं असेल तर हा निर्णय शांतपणे घेता येतो.

ओझं पुढे नेणं अशक्य झालं तर जवळच्या पोस्टबॉक्समध्ये ठेवा आणि दोन खेपा करा, किंवा इतर खेळाडूंच्या हवाली करा. त्याचं पूर्ण श्रेय मिळत नाही, पण माल वाचतो. फ्रॅजाइल या पात्राच्या मदतीने एका ठिकाणाहून दुसरीकडे झटकन जाण्याची सोय मिळाली, की लक्षात ठेवा: सॅम जातो, माल जात नाही. ती सोय रिकाम्या हाताने पुढच्या ऑर्डरीकडे जाण्यासाठी आहे.

सुरुवातीच्या प्रदेशात याचा सराव करायला वितरण केंद्र ते विंड फार्म आणि तिथून परत केंद्र, ही फेरी तीनदा करा. पहिल्यांदा चाळीस किलो नि पायी, दुसऱ्यांदा ऐंशी किलो आणि नदीवर स्वतः टाकलेल्या शिडीवरून, तिसऱ्यांदा वेळ लावून. तिसऱ्या फेरीला तुम्ही पहिल्यापेक्षा वेगळ्याच जागी नदी ओलांडत असाल.